पाळक व्हावं की ग्रीक-हिब्रूचं प्राध्यापक? दोन्ही केलेल्या एकाचं उत्तर

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय २६, पुण्यातच संस्कृत घेऊन एम.ए. झालं, पिंपरीच्या मराठी मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभासदांत) वाढलात, सेवेचं पाचारण आहे असं मनापासून वाटतं. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, सेमिनरीत (धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात) जा आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हा. आई म्हणते, नेट दे आणि कॉलेजात लाग. तुम्हाला स्वतःला ग्रीक आणि हिब्रू शिकून पुढे शिकवायचं आहे. शेवटी तुम्ही विचारता, "दोन्ही एका आयुष्यात नीट होतं का, की दोन्हीकडे अर्धवट राहतं?"

पाळकपदाची दीक्षा घेऊन मला ३१ वर्षं झाली. त्यातली २४ वर्षं मी इथे पुण्यात ग्रीक आणि हिब्रू शिकवतो आहे आणि त्या सगळ्या काळात एक ना एक मंडळी माझ्याकडे होतीच. त्यामुळे अनुभवाचं सांगतो. काही गोष्टी तुमचं चर्च कोणतं, घरची जबाबदारी किती, यावर ठरतील. त्या तशाच सांगेन.

आधी प्रश्न थोडा वेगळा मांडतो. तुम्ही दोन नोकऱ्यांची तुलना करताय: एकीकडे मंडळी, एकीकडे वर्ग. खरी अडचण तासांची नाही, तासांची सोय होते. खरी अडचण अशी, की वर्गात तुम्ही मजकुराला बांधील असता आणि मंडळीत माणसाला. वर्गात "हा शब्द नक्की काय आहे, यावर मतभेद आहेत" असं म्हणणं हे तुमचं कर्तव्य. कबरीपाशी उभं राहून तेच वाक्य म्हटलंत तर समोरच्या आईच्या हाती काय लागणार? हे दोन्ही एकाच तोंडाने, खोटं न बोलता करता येतं का, हा तुमचा प्रश्न आहे असं मी समजतो. माझं उत्तर: येतं. पण ते शिकायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्या वर्षांत काही माणसं दुखावली गेली.

एक प्रसंग सांगतो. शिकवायला लागून दोनच वर्षं झाली होती. वर्गात बायबलमधलं स्तोत्र २३ चाललं होतं. त्यातला "मृत्युछायेच्या दरीतून" हा भाग तुम्हाला पाठ असेलच. हिब्रूत तिथे जो शब्द आहे तो आज "त्सलमावेत" असा वाचतात. "त्सेल" म्हणजे सावली, "मावेत" म्हणजे मृत्यू. पण जुन्या हिब्रू लिखाणात फक्त व्यंजनं असत. स्वरांच्या खुणा मासोरेती, म्हणजे मूळ पाठ जपणाऱ्या यहुदी, पंडितांनी कित्येक शतकांनी घातल्या. मोडी वाचणाऱ्याला हे लगेच पटेल: मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, वाचणारा संदर्भाने ठरवतो. तसंच इथे तीच व्यंजनं "त्सलमूत" अशी वाचली तर अर्थ होतो गडद अंधार, आणि बरेच अभ्यासक तेच मूळ मानतात. मी हे वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवलं. त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला.

दफनविधीला मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि त्या वचनापाशी माझा आवाज अडखळला. मनात एकच चाललेलं: "मृत्युछाया" म्हणू की "अंधार"? समोर त्याची आई होती. तिला ते स्तोत्र लहानपणापासून तोंडपाठ, तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी छापलेलंच वाचलं. मग मला त्याच व्याकरणाने हात दिला. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. दरीत पाऊल पडल्याबरोबर सर्वनाम बदलतं. "तो" जातो आणि "तू" येतो: तू माझ्याबरोबर आहेस. एवढंच मी त्या दिवशी सांगितलं. हिब्रूचा शब्दही उच्चारला नाही. तिने पुढे वर्षभराने मला विचारलं, "साहेब, ते 'तू' खरंच तिथे लिहिलंय, की तुम्ही माझ्यासाठी म्हणालात?" मी तिला हिब्रू शास्त्र उघडून तो शब्द बोटाने दाखवला. भाषा येत नसती तर मला तो दाखवता आला नसता.

परत वर्गात गेलो तर एका विद्यार्थ्याने सरळ विचारलं, "वर्गात अंधार शिकवता आणि कबरीपाशी मृत्युछाया वाचता, हा अप्रामाणिकपणा नाही का?" प्रश्न रास्त होता. मी त्याला सांगितलं, की ख्रिस्ताच्या आधीच ज्या यहुद्यांनी स्तोत्रांचं ग्रीक भाषांतर केलं त्यांनीही तिथे मृत्यूची सावली असंच वाचलं आहे, म्हणजे ते वाचन काही कालपरवाचं नाही. दुसरं, मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे आणि तो तुम्हालाही सांगतो: वर्गात जे शिकवतो त्याच्या विरुद्ध व्यासपीठावरून बोलायचं नाही. पण वर्गातलं सगळं व्यासपीठावर सांगायलाच हवं असं नाही. कुणी विचारलं, तर काही लपवायचं नाही.

हा नियम मी मोडला तेव्हाचंही सांगतो. सुरुवातीच्या काळात एका रविवारी उपदेशात मी म्हणालो, "इथे आपलं मराठी भाषांतर चुकलं आहे." मुद्दा व्याकरणाचा होता आणि माझं म्हणणं बरोबरही होतं. मंगळवारी घरभेटीला गेलो तर ऐंशीच्या घरातल्या एक आजी म्हणाल्या, "तेच वचन धरून मी नवऱ्याच्या आजारपणाची तीन वर्षं काढली. ते चुकीचं होतं का?" दोन रात्री त्यांना झोप नव्हती. त्यांच्याजवळ दोन तास बसलो, वचनाचा पुढचा-मागचा भाग वाचला, शब्दाचे दोन्ही अर्थ सांगितले. त्या शांत झाल्या, पण ते दोन दिवस त्यांना माझ्यामुळे सोसावे लागले. त्यानंतर "भाषांतर चुकलं" हे शब्द मी व्यासपीठावरून कधीच वापरले नाहीत. "या शब्दात आणखीही काही आहे" असं म्हणतो. ते जास्त खरंही आहे.

आता उलट बाजू. मंडळी तुमचा अभ्यास सुधारते, हे कोणत्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. शुभवर्तमानांत येशूला लोकसमुदाय पाहून, शोमरोन्याला जखमी माणूस पाहून आणि उधळ्या पुत्राच्या बापाला मुलगा दूरवर दिसल्यावर जे होतं, त्यासाठी ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे: "स्प्लांखनिझोमाई". मराठी शास्त्रात "कळवळा आला" असं आहे, आणि ते चांगलं आहे. ते क्रियापद ज्या नामापासून आलं ते म्हणजे "स्प्लांखना", पोटातले अवयव, आतडी. इंग्रजी टीकाग्रंथ, म्हणजे भाष्यं, इथे पानंच्या पानं खर्च करतात, कारण त्यांच्या वाचकाला दया पोटात का असते हे समजवावं लागतं. मी ते सगळं वाचून वर्गात शिकवत होतो. मग एकदा ससूनमध्ये एका बाईंजवळ बसलो होतो, त्यांचा मुलगा आतल्या खाटेवर होता. त्या म्हणाल्या, "आतडं तुटतंय हो." मला त्या क्षणी तो शब्द कळला. आपल्याकडे आतड्याची माया असते, पोटात कालवतं, आतडी पिळवटून येतात. पुढच्या वर्गात मी टीकाग्रंथ बाजूला ठेवला आणि मुलांना विचारलं, तुमच्या आजीला कुणाबद्दल काय होतं तेव्हा ती आतड्याचं नाव घेते? तासभर मुलंच बोलत होती.

तुमच्या आईला सांगायला थोडा इतिहासही देतो, कारण ही वाट काही आपण शोधलेली नाही. विल्यम केरी बाप्टिस्ट पाळक होते. १८०१ पासून सुमारे तीस वर्षं ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात संस्कृत, बंगाली आणि मराठी शिकवत होते. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा, आणि मराठी नवा करार १८११ चा. पगार मिळायचा तो बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनच्या सामायिक तिजोरीत जायचा. आणि हे मराठी काम त्यांनी एकट्याने केलेलं नाही. वैजनाथ पंडित त्यांच्याबरोबर होते. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही काम करणारा माणूस सोबतीशिवाय टिकत नाही. आपल्या पुण्यातच पंचहौदला नीलकंठशास्त्री म्हणजे नेहेम्या गोऱ्हे राहिले. काशीत षड्दर्शनं शिकलेले, पुढे अँग्लिकन दीक्षा घेतलेले. पंडिता रमाबाई पाळक नव्हत्या, पण या कामाची खरी कसोटी मला त्यांच्यात दिसते. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण शास्त्र मराठीत आणायला बसल्या, तेही कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी ते छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. एवढी विद्वत्ता आणि ती कुणासाठी वापरली ते पाहा.

संस्कृत वाया जाईल अशी तुमच्या आईला भीती आहे, ती मात्र अगदी सोडून द्या. "भरामि"ला ग्रीक "फेरो", "अस्ति"ला "एस्ति", "ददामि"ला "दिदोमी". भूतकाळासाठी संस्कृत धातूच्या आधी "अ" लावतं, ग्रीक "ए" लावतं: "अभरत्", "एफेरे". आत्मनेपद म्हणजे काय हे माझ्या इतर विद्यार्थ्यांना समजायला महिना लागतो, संस्कृतच्या मुलांना एक तास. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये द्विवचनही उरलेलं नाही आणि विभक्त्या आठ नाहीत, पाचच. हिब्रूचं घराणं वेगळं. २२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे लेखन, आणि बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे. पण धातूवरून शब्द फुटताना बघायची सवय तुम्हाला आहे, ती इथे कामी येते. आणि पुण्यात हिब्रू नुसती पुस्तकात नाही. रास्ता पेठेत बेने इस्राएल लोकांचं सिनेगॉग आहे, घरात मराठी बोलणाऱ्या आणि उपासनेत हिब्रू म्हणणाऱ्या लोकांचं. तरुणपणी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला स्तोत्र म्हणून दाखवलं होतं. तोपर्यंत हिब्रू मला कोड्यासारखी वाटायची. त्या दिवसापासून मी ती आवाज म्हणून ऐकायला लागलो. नम्रपणे विचारून जा, त्यांच्या उपासनेचा मान राखा.

पुण्याचा आणखी एक फायदा, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण हा प्रश्न तुम्हाला मंडळीत येणारच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात नवव्या वचनापासून विसाव्यापर्यंतचा भाग चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. तसं सांगणारी टीप पाहून कुणीतरी घाबरून विचारतं, "शास्त्रातून काढून टाकलं का?" मी अशांना भांडारकर संस्थेची गोष्ट सांगतो. तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. १२५९ हस्तलिखितं वापरून, श्लोकाश्लोकाला पाठभेद लावून. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, ती परिशिष्टात आहे. त्यामुळे या शहरात कुणाची भक्ती उणावली नाही, आणि ज्यांनी ते काम केलं त्यांनी ग्रंथावरच्या प्रेमापोटीच आयुष्य दिलं. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत. ती ताडून पाहणाऱ्यांचं मनही तसंच असतं. एवढं समजावल्यावर पुण्यातला माणूस घाबरत नाही, उलट प्रती कशा ताडतात ते विचारतो.

आता रोजचं जगणं. माझा आठवडा असा: सकाळी पाच ते साडेसहा स्वतःचं वाचन, हा वेळ मी कुणालाही देत नाही. मंगळवार ते शुक्रवार सकाळी वर्ग. दुपारनंतर घरभेटी, दवाखाने, लग्नाआधीची समुपदेशनं, दाखल्यांवरच्या सह्या. बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास. शनिवार उपदेशाचा. रविवारी दोन उपासना. सोमवार सुट्टीचा म्हणतात, पण अंत्यविधी वार पाहून येत नाही. मंडळी सव्वाशे कुटुंबांची असेपर्यंत हे जमलं. तीनशेच्या वर गेली तेव्हा जमेना, आणि एकदा तर ते मला फार महागात पडलं. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, एका वडीलजनांची तब्येत बिघडल्याचा फोन आला, मी म्हणालो उद्या सकाळी येतो. ते त्या रात्रीच गेले. त्यांच्या घरच्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्या वर्षाअखेर मी मोठी मंडळी सोडून छोटी मागून घेतली. म्हणून तुमच्या "अर्धवट राहतं का" या प्रश्नाला माझं साधं उत्तर: मोठी मंडळी आणि पूर्ण वेळ अध्यापन एकत्र घेतलंत तर राहतं. यातलं एक लहान ठेवायला हवं, आणि ते ठेवायचा निर्णय वेळेवर घ्यायला हवा.

हे तुमच्या हातात किती आहे, ते चर्चवर अवलंबून. उत्तर भारतातील चर्च, म्हणजे सीएनआय, हे १९७० मध्ये सहा चर्चगट एकत्र येऊन झालं. तिथे आधी डीकन (साहाय्यक), मग प्रेस्बिटर (पूर्ण पाळक), आणि बदल्या बिशपांच्या हातात. काही स्वतंत्र मंडळ्यांत पंचकमिटीच सगळं ठरवते. दीक्षेआधीच स्पष्ट विचारा: अध्यापनासाठी मला मोकळीक मिळेल का? आणि उत्तर लेखी घ्या. शिक्षणासाठी पुण्याबाहेर जायलाच हवं असं नाही. बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून इथे आलं. बंगालमधल्या त्याच श्रीरामपूरच्या सिनेटच्या बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीला पदवीधरांना साधारण चार वर्षं लागतात. पुढे शिकवायचं तर एम.टी.एच. आणि त्यापुढचं हवंच. घरातली मिळकत तुमच्यावरच अवलंबून असेल तर आईची काळजी हलक्यात घेऊ नका. सरकारी कॉलेजांत ग्रीक-हिब्रूच्या जागा जवळपास नाहीत, सेमिनरीचा पगार विद्यापीठाच्या प्राध्यापकासारखा नसतो, पाळकाचं मानधन त्याहून कमी. राहायला पाळकांचा बंगला मिळतो, पण निवृत्तीच्या दिवशी तो सोडावा लागतो. घराची तजवीज चाळिशीच्या आत सुरू करा. आणि लग्नाचा विचार असेल तर समोरच्या व्यक्तीला ही दोन्ही कामं पहिल्या भेटीतच सांगा. पाळकाचं घर बारा तास उघडं असतं, त्याचा निम्मा भार त्या व्यक्तीवर येतो.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. भाषा आत्ता शिका, तिशीच्या आत, पाठांतर होतं तोवर. मग सरळ वर्गात जाऊ नका. चार-पाच वर्षं एक मंडळी सांभाळा, शक्यतो गावाकडची, जिथे तुमचं ग्रीक कुणाला नको असेल आणि तुम्ही मात्र हवे असाल. मग शिकवायला या. मी तसं केलं नाही, वर्ग आणि मंडळी एकदमच हाती घेतली, म्हणून वर सांगितलेल्या त्या आजींना दोन रात्री जागावं लागलं. नेटची परीक्षा मात्र देऊन टाका. संस्कृतची ती पात्रता हाती असली तर आईला धीर येईल, आणि तुम्ही सेमिनरीत जाल ते नाइलाजाने नव्हे, स्वतः निवडून जाल.

सुरुवात ग्रीकने करा, हिब्रू दुसऱ्या वर्षी. रोज पाऊण तास, रविवार धरून. जूनमध्ये बसलात तर नाताळपर्यंत योहानाच्या पहिल्या अध्यायातली पहिली चौदा वचनं शब्दकोश जवळ ठेवून वाचाल, त्याचं ग्रीक सोपं आहे. आमच्या घरी दर गुरुवारी सात वाजता चौघं जण ग्रीक वाचायला बसतात: एक नर्स, एक निवृत्त शिक्षक, सेमिनरीचे दोन विद्यार्थी. फी नाही, चहा असतो. सध्या लूकचा पंधरावा अध्याय चालू आहे. मुलगा उठून बापाकडे निघाला आहे, पुढच्या गुरुवारी विसावं वचन. तोवर अक्षरं शिकून या, तो आतड्याचा शब्द त्याच वचनात आहे, तो तुम्हीच मोठ्याने वाचा.